मधल्या दाराची कडी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे काही केलं ते शहाणपणाने केलं असं कुणाला वाटायला नको. लहानपणी मी पालीला भ्यायचे, मग परीक्षेला, मग गल्लीतल्या कुत्र्यांना. चोराला मात्र कधी भ्याले नव्हते, कारण आमच्या घरात चोरण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो, मी आणि आई. वडगाव म्हणजे माग. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांचा खटखटाट सुरू असतो. बाहेरचा माणूस कानावर हात ठेवतो, आम्ही तो आवाज थांबला की दचकतो. आमच्याही पुढच्या खोलीत दोन माग होते. वडील गेल्यावर ते विकले आणि तिथे सोफा आणि टीव्ही आला, पण त्या खोलीला आम्ही अजून मागखोलीच म्हणतो. मी निपाणीत एका ऑफिसात नोकरी करते. सकाळी सातची बस धरते आणि संध्याकाळी सातला घरात पाय टाकते. मधले बारा तास आई एकटी असते.

तशी एकटी म्हणता यायची नाही. आमच्या आणि शेजारच्या घराची भिंत एकच, आणि त्या भिंतीत एक दार होतं. माझे वडील आणि शेजारचे काका जिगरी दोस्त. दोघांनी एकाच वेळी घरं बांधली, आणि एकाचे माग चालू असताना दुसऱ्याला जेवायला जाता यावं, तुटला धागा जोडता यावा म्हणून मागखोल्यांच्या मधे दार ठेवलं. दोघेही आता नाहीत. शेजारी काकांच्या बायको आहेत. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. त्यांच्याकडे अजून चार माग चालतात आणि दोन कामगार आहेत. आई त्यांना कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. आई चरख्यावर बसून कांड्या भरायची, बांबूची बुट्टी भरली की मधल्या दारातून पलीकडे सरकवायची, आणि पलीकडून कधी भाकरी, कधी आमटीची वाटी यायची. दाराची कडी आमच्या बाजूला होती, पण ती लावलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग लग्नसराईत गल्लीत चोरी झाली. आमच्यापासून तिसऱ्या घरातली सगळी माणसं लग्नाला बोरगावला गेली होती. दुपारी परत आली तर मागचं दार उचकटलेलं आणि कपाट उघडं. भर दिवसा, अकरा ते दोनच्या मधे! आजूबाजूला माणसं होती, पण कुणाला काही ऐकू आलं नाही. पंचनाम्याला आलेला पोलीस कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “नोडरी, बघा बाई, हितं मागांचा आवाज हाय न्हवं? त्यो चोराच्या सोयीचा. दार फोडलं तरी कळत न्हाय.”

हे ऐकून मी घरी आले आणि आईला म्हटलं, “तुला काय दिसलं न्हाय व्हय गं?”

“न्हाय बा,” आई म्हणाली. “एक माणूस आलता तेवढाच. पाणी मागितलं, दिलं.”

“कुठला माणूस?”

“मला काय ठावं? पाव्हणा असंल कुणाचा. उन्हाचं आलता बिचारा. गुळाचा खडा पण दिला.”

मी सोफ्यावर बसले. तो माणूस चोर होता की खरंच कुणाचा पाहुणा, हे आजतागायत कळलेलं नाही. पण मला तो चोरच दिसायला लागला. आमच्या दारात उभा राहून, आईच्या हातचं गूळपाणी घेऊन, तिच्या खांद्यावरून आत बघणारा. घरात एकटी म्हातारी आहे हे त्याने हेरलं असणार. पुन्हा येईल तेव्हा तो पाणी मागणार नाही.

त्या दिवसापासून मी नीट झोपले नाही आणि बसमध्ये नीट बसले नाही. गल्लीच्या ग्रुपवर रोज नवीन काहीतरी यायचं. चोर आधी भंगारवाले बनून येतात. चोर दारावर खडूने खूण करून जातात. हे वाचलं त्याच आठवड्यात आमच्या फाटकाच्या खांबावर मला खरंच खडूची खूण दिसली. मी ऑफिसला दांडी मारली, आईला आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी राहिले. दुपारी समोरच्या घरातली सून म्हणाली की ती पोलिओवाल्यांची खूण, सगळ्या घरांना आहे. गल्लीभर हसू झालं. मीही हसले, पण ओला फडका घेऊन ती खूण पुसून काढली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

मग मी घराचा बंदोबस्त करायला घेतला. अनगोळचा एक वेल्डर बोलावला. त्याने खिडक्यांना जाळ्या ठोकल्या आणि मागच्या अंगणावर लोखंडी छत केलं. मागच्या दाराला आतून अडसर आला. पुढच्या दाराला आधीची कडी होतीच, तिच्या खाली सुताराकडून एक बोल्ट बसवून घेतला आणि वर, अगदी चौकटीजवळ, आणखी एक. “वरचा बोल्ट उंचच पाहिजे,” सुतार म्हणाला. “फळी फोडून हात घातला तरी पोचायला नको.” मला ते फार पटलं. चोराचा हात पोचायला नको. आईचा हातही तिथे पोचत नाही हे माझ्या लक्षात आलं, नाही असं नाही. त्यासाठी मी एक स्टूल आणून दिलं. तिला बजावलं, मी गेले की तिन्ही लावायच्या, आणि मी येईपर्यंत कुणालाही उघडायचं नाही.

“आणि मला बाहेर जायाचं असलं तर?” आईने विचारलं.

“कशाला जायाचंय बाहेर?”

आईने स्टूल भिंतीशी सरकवून ठेवलं.

शेवटी मी कॅमेराही आणला. मोबाईलवर दिसणारा. तो भिंतीवर असा लावला की पुढचं दार पूर्ण दिसावं. निपाणीच्या टेबलावर फायलीखाली मोबाईल ठेवून मी दिवसभर आमचं बंद दार बघत बसायचे. आई त्यात क्वचितच दिसायची, तिची बसायची जागा मधल्या भिंतीपाशी, कॅमेऱ्याच्या कडेबाहेर. मला चोर बघायचा होता, आई नव्हे.

सगळं झाल्यावर एकच भोक उरलं, ते म्हणजे मधलं दार. मी आक्कांकडे गेले. त्या मागापाशी उभ्या होत्या, तुटलेला धागा जोडत. आवाजात ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून जे हळू म्हणायला हवं होतं ते मी ओरडून म्हणाले.

“आक्का, मधलं दार बुजवतोय आम्ही!”

“का गं?”

“तुमच्याकडं माणसं येत्यात जात्यात. कुणाच्या मनात काय, कुणी सांगावं?”

त्यांचे दोन्ही कामगार तिथेच होते. त्यातला एक वीस वर्षं त्या मागांवर आहे. माझ्या वडिलांना त्याने खांदा दिला होता. त्याने मान वर केली नाही, धोटा बदलत राहिला. आक्कांचा धाग्यावरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “घाल बाई भिंत. तुझं घर हाय.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण भीती कळण्याच्या पलीकडची असते. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना गवंडी येऊन दार काढून विटा रचून गेला. गिलावा भिंत सुकल्यावर करू असं आई म्हणाली, आणि मग तो राहिलाच. तिने त्या उघड्या विटांवर कॅलेंडर टांगलं, तेही इतकं खाली की लहान पोराने बघावं.

“एवढं खाली कशाला?”

“बसून दिसतंय. वर बघून मान दुखती.”

त्यानंतर दोन महिने आक्का आणि मी बोललो नाही. फाटकात समोरासमोर आलो तर त्या पदर सारखा करायच्या आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधायचे.

पण घरात मात्र विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात एक वाटी दिसली, कटाच्या आमटीची. ती वाटी आमची नव्हती. मी आईला विचारलं, “कोण आलतं?”

“कोण न्हाय.”

“मग दार कशाला उघडलंस?”

“मी दार उघडलंच न्हाय.”

माझी आई खोटं बोलत नाही. बारा तासांत कॅमेऱ्यातही दार उघडलेलं नव्हतं. मी मागचा अडसर बघितला, जाळ्या हलवून बघितल्या, अंगणावरचं छत बघितलं. सगळं जिथल्या तिथे. पुढच्या आठवड्यात तसंच. सकाळी चरख्यापाशी कांड्यांनी भरलेली बुट्टी होती, संध्याकाळी ती रिकामी. कांड्या बंद कर असं मी सांगितलं होतं, तर आई म्हणाली, वेळ जात नाही म्हणून भरते. पण मग भरलेल्या कांड्या गेल्या कुठे? “गेल्या जिथं जायाच्या तिथं,” आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

आता मला दोन भीती झाल्या. एक, या बंद घरात कुणीतरी येतं. दुसरी, आई दार उघडते आणि विसरते. तिची बुद्धी चाळवली की काय? दुसरी भीती पहिलीपेक्षा वाईट होती. बस संकेश्वरला पोचली की मी फोन लावायचे आणि आडून आडून विचारायचे, आज वार कोणता, काल काय खाल्लंस. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “मला येडी समजतीस व्हय गं? फोन ठेव.”

तो दिवस गुरुवार होता. बेळगावात ऊन चांगलंच तापलं होतं. अकराच्या सुमारास मी फायलीखालून मोबाईल काढला तर कॅमेऱ्याचं चित्र थिजलेलं होतं. बंद दार आणि त्यावर तिन्ही कड्या. लाईट गेली असणार हे मला कळलं, लाईट गेली की कॅमेरा मरतो. मी आईला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पाचव्यांदा लावला तेव्हा माझा अंगठा घामाने काचेवरून घसरत होता.

मी डोळ्यांसमोर काय काय बघितलं ते सांगत नाही. एवढंच सांगते की त्या प्रत्येकात गूळपाणी प्यायलेला तो माणूस होता.

गल्लीत कुणाला फोन करायचा? ग्रुपवर शंभर माणसं होती, आणि आमच्या दारापाशी दोन मिनिटांत पोचेल असं माणूस एकच होतं. मी आक्कांचा नंबर काढला आणि लाज वाटली म्हणून पुन्हा ठेवला. हो, ठेवला. आई जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना मला दोन महिन्यांच्या अबोल्याची लाज आड आली. मग लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडे माग वाजत नव्हते. इतकी शांतता मी आक्कांच्या फोनवर कधी ऐकली नव्हती.

“आक्का, आई फोन उचलत न्हाय. जरा दार...”

“तुलाच लावत हुतो,” आक्का म्हणाल्या. “भिऊ नको. तुझी आई पडलीया. शुद्धीवर हाय. तिचा हात धरून बसलोय मी.”

“तुम्ही आत कशा गेला?”

“आत कुठनं येतंय गं? पुढचं दार आतनं लावलंय, मागं अडसर हाय, खिडक्यांना जाळ्या. भिंतीतनं हात घातलाय. कॅलेंडरच्या मागं दोन विटा सुट्ट्या हाईत.” मग त्यांचा आवाज एकदम हळू झाला. “भिंत फोडू का गं? तुझं घर हाय, म्हणून इचारलं.”

ऑफिसात सगळ्यांसमोर मी रडले. “फोडा आक्का,” म्हटलं. “फोडा, फोडा.”

फोन चालूच होता. मला पहारीचा पहिला घाव ऐकू आला, आणि आईचा आवाज, “हळू रं, मुंडकं फोडशील.” वीस वर्षं त्या मागांवर असलेला तो कामगार आणि त्याचा जोडीदार. ज्यांच्या भीतीने मी भिंत घातली तेच ती फोडत होते.

निपाणीहून बेळगाव दीड तास. तो दीड तास मी कसा काढला मला माहीत नाही. संकेश्वरच्या पुढे आक्कांचा दुसरा फोन आला. आईला त्यांच्या घरातून बाहेर काढून दवाखान्यात नेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी दोन-तीन तास त्या उकाड्यात तशीच पडून राहिली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर मला म्हणाले. मी संध्याकाळी सातला येणार होते. अकरा ते सात. हा हिशोब मी अजून करते.

काय झालं ते आईने दवाखान्यात सांगितलं. लाईट गेली, पंखा बंद झाला, जाळ्या आणि छतामुळे घराची भट्टी झाली. वाऱ्यासाठी पुढचं दार जरा उघडावं म्हणून ती स्टुलावर चढली. वरच्या बोल्टाला हात पोचला, पण तो घट्ट बसला होता. ओढताना स्टूल सरकलं. फोन स्वयंपाकघरात होता. दारापासून मधली भिंत चार हातांवर. ती बसून सरकत, हातांवर स्वतःला ओढत तिथवर गेली, कॅलेंडर ओढून काढलं, विटा बाजूला केल्या आणि स्टीलच्या पेल्याने भिंत वाजवली. लाईट होती तोवर तो पेला कुणालाही ऐकू आला नसता. लाईट गेली म्हणून माग थांबले होते, आणि आक्का मागापाशी पदराने वारा घेत बसल्या होत्या.

“दोन विटा मीच ठेवायला सांगितल्या गवंड्याला,” आई म्हणाली. “चिखल लावू नको म्हटलं. कांड्या सरकवायला. तुला सांगितलं असतं तर त्या पण बुजवल्या असत्यास.”

खरं होतं. बुजवल्याच असत्या.

रात्रीच्या आत आईचे कपडे आणायला मी घरी आले. सवयीने पुढच्या दाराशी गेले. पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा होता, पाच किल्ल्या. एकही उपयोगाची नव्हती. तिन्ही कड्या आतून होत्या. मी आमच्याच पायरीवर उभी होते आणि मला माझ्या घरात जाता येत नव्हतं. मग मी आक्कांच्या घरातून गेले.

भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं. सगळीकडे विटांचे तुकडे. स्टूल दारापाशी आडवं. भिंतीला टेकून दोन अख्ख्या विटा एकावर एक नीट रचलेल्या. हाड मोडलेलं असताना आईने त्या रचून ठेवल्या होत्या. शेजारी पेला होता, त्याचा काठ चेपलेला, आणि बुट्टीत सात-आठ भरलेल्या कांड्या. मी तिथेच खाली बसले. वर बघितलं तर वरचा बोल्ट तसाच लावलेला, चोराचा हात पोचणार नाही असा.

मी त्या कामगाराची माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ दे की ताई. आमची पण आई एकटी असती घरात.” आक्कांची माफी मागायला गेले तर त्यांनी हातातली झारी तशीच धरून विचारलं, “च्या घेणार का?” मी घेतला. त्याहून जास्त काही झालं नाही.

आई आता वॉकर धरून चालते. वरचा बोल्ट मी काढून टाकला, स्टूल भंगारात दिलं. आणि सुताराला बोलावून भगदाडाच्या जागी नवीन दार करून घेतलं. चौकट बसवताना त्याने विचारलं, “कडी कुणीकडं लावू?”

“त्यांच्या बाजूला,” मी म्हणाले.

आक्का पलीकडे उभ्या होत्या. “आणि तुमच्या बाजूला?”

“काय न्हाय. नुसतं दार.”

“आणि तुला भ्या वाटलं तर?”

“तर हाक मारीन.”

आक्कांनी सुताराच्या हातातला स्क्रू घेतला आणि कडीचा पहिला आटा स्वतः फिरवला.

माझी भीती गेली असं कुणी समजू नये. परवाच ग्रुपवर आलं की पलीकडच्या गल्लीत दोन अनोळखी माणसं फिरत होती, आणि मी उठून पुढचं दार दोनदा तपासलं. पुढच्या दाराला कडी आणि खालचा बोल्ट आहेच, पाहिजेच. अनोळखी माणसाला आई अजून पाणी देते, जाळीतून देते एवढंच, आणि गुळाचा खडाही. बस संकेश्वरला पोचली की माझा हात आपोआप फोनकडे जातो. मी कॅमेरा बघत नाही, आक्कांना फोन लावते. त्या हॅलो म्हणत नाहीत. “कडी काढलीया,” एवढंच म्हणतात आणि फोन तसाच मागावर ठेवून देतात. मी दोन मिनिटं तो खटखटाट ऐकते आणि मग ठेवते.